‘ळ’ नव्हता, मग काय होतं

“माझ्या तोंडाकडं बघ. जीभ वर घ्यायची, मागं वळवायची अन् सोडायची. टाळं. म्हण.”

“टाला, साहेब.”

पट्टा पाठीवर पडला. रामधनी भिंतीला धरून उभा होता. त्याचा सदरा काढून कोपऱ्यात टाकला होता आणि पाठीवर कालचे वळ जांभळे झाले होते. निरीक्षक जगदाळे घाम पुसायला थांबले.

“टाळं.”

“टाला. हमसे नहीं होता साहेब, हमारे गाँव में ये अच्छर ही नहीं है.”

या वेळी पट्ट्याचं बक्कल लागलं. कानामागून रक्त आलं आणि मानेवरून खाली उतरलं. जगदाळे दाराशी आले. मी बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसलो होतो.

“ऐकलंत ना, ढोकणे? बरोब्बर तुम्ही लिहिलंय तसं.”

त्यांच्या टेबलावर काचेखाली आमच्या दैनिकाचं कात्रण होतं. माझ्या बातमीतलं एक वाक्य त्यांनी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं: ‘दाराबाहेर हुकूम देणाऱ्याच्या जिभेवर ‘ळ’ नव्हता, असे प्रत्यक्षदर्शी महिलेने सांगितले.’

ही १९८४ सालची गोष्ट आहे. वार बुधवार, वेळ सकाळी साडेनऊ. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि आलूरपेठला सहा वर्षं बातमीदारी करत होतो.

आलूरपेठ यंत्रमागांचं गाव. बाजारातून शंभर पावलं चाललं तर चार भाषा कानावर पडत. विणकर तेलुगू, हॉटेलवाले आणि हमाल कन्नड, गाडीवाले दखनी, पेढीवाले मारवाडी-गुजराती, आणि सगळ्यांच्या वर पांघरलेली मराठी. अलीकडे पाच-सहा वर्षांत उत्तरेकडचे कारागीर आले होते, त्यांची हिंदी.

सोमवारी दुपारी तीन वाजता पेठेच्या टोकाच्या एका मागशेडला आग लागली होती. आत सुताच्या कांड्या भरणाऱ्या अकरा बायका होत्या. त्या आठ दिवस काम बंद करून शेडमध्येच ठाण मांडून बसल्या होत्या. पेटता सुताचा बोळा खिडकीतून आत आला, तेव्हा दार बाहेरून बंद होतं. सात जणी मेल्या. चौघी पत्रा उचकटून बाहेर पडल्या, त्यातल्या तिघी बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. चौथी राजमणी गड्डम. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. संध्याकाळी साडेपाचला मी तिच्या खाटेशी बसलो आणि तिला शहाळ्याचं पाणी पाजलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.

“दाराला कान लावून होते मी. भायेर कोण तरी बोल्ला, ‘टाळं लाव, सोडू नको.’”

“कोण? ओळखीचा आवाज?”

“नै. पण ‘टाळं’ म्हणताना ळ नव्हता त्याच्यात. आमच्या तेलुगूत ळ लै जड असतो, म्हणून मला लगेच कळ्ळं.”

मी वाक्य उतरून घेतलं. पान आठला सुटायचं होतं. मी तिचं वय विचारलं, मुलं किती ते विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. एक प्रश्न विचारायचा राहिला. तो तेव्हा मला सुचलाच नाही.

मंगळवारी पेपर पेठेत पोचला आणि अकराच्या सुमारास चौकात साठ-सत्तर माणसं जमली. एकाच्या हातात आमचा अंक होता. त्यानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “ळ कुणाला येत नाही? भैयांना!” एवढा हिशोब गावाला पुरला. पेठेत माणसांचे दोनच प्रकार होते, ळ म्हणणारे आणि ल म्हणणारे. तिसरा प्रकार असतो हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मी त्या जमावाच्या मागून चाललो होतो. एका मारवाडी मुनिमाला अडवलं. त्यानं ‘टाळं, माळ, काळा, पिवळा’ असं सगळं खणखणीत म्हणून दाखवलं, कारण त्याच्या घरच्या बोलीतही ळ आहे. लोक हसले, त्याची टोपी सरळ करून त्याला सोडलं. पुढे एक हातगाडीवाला सापडला. त्याच्या तीन पिढ्यांच्या कबरी आलूरपेठेत होत्या, पण घरी दखनी बोलत असल्यानं तो ‘टाला’ म्हणाला. त्याच्याच गाडीच्या दांड्यानं त्याचे दोन्ही गुडघे फोडले. रामसूरत नावाचा बनारसकडचा पानवाला काहीच म्हणेना. भीतीनं त्याची दातखीळ बसली होती. त्याला ओढत रंगखान्यात नेलं आणि उकळत्या हिरव्या रंगाच्या हौदात ढकललं. बाहेर काढला तेव्हा मांड्यांपर्यंत कातडी सुटून लोंबत होती आणि खालचं मांस हिरवं झालं होतं. तो सहा दिवसांनी गेला.

संध्याकाळी रामधनीला अटक झाली. महिन्यापूर्वी शेडच्या मालकानं त्याला कामावरून काढलं होतं, आणि जाताना त्यानं दारात उभं राहून शिव्या दिल्या होत्या. पोलिसांना तेवढं बस होतं.

“उद्या ओळख परेड आहे,” जगदाळे बुधवारी मला म्हणाले. “आवाजाची. बाई पडद्याआड बसणार. एकदा तिनं नंबर सांगितला की संपलं. लिहा.”

मी लिहिलं.

दुपारी एक वाजता जेवायला घरी गेलो. घर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर. आम्ही अकोल्याकडचे. वडील गेल्यावर तिनं मला इकडे आणलं, आणि भाऊजींनी, साहेबराव खुमकरांनी, मला सहा वर्षं ठेवून घेतलं. मला विषमज्वर झाला तेव्हा टांगा मिळेना, म्हणून भाऊजींनी मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. ते मागशेडच्या मालकाकडे रखवालदारांचे मुकादम होते. आख्ख्या आलूरपेठेत वऱ्हाडातून आलेली माणसं आम्ही तिघंच.

बाईनं ताट वाढलं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

“अजून एक पोळी वाढ,” मी म्हणालो.

“पोळी!” ती हसली. “पाहा वं माय, घरातबी साहेबावानी बोलते. पोयी म्हनलं त जीभ झडते का तुही?”

वऱ्हाडात ळ चा य होतो. पोळीची पोयी, केळ्याचं केयं, डोळ्याचा डोया. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी कचेरीत ‘केयं’ म्हणालो आणि मुद्रितशोधकापासून शिपायापर्यंत सगळे पोट धरून हसले. त्यानंतर मी वर्षभर आरशासमोर जीभ वळवत होतो. आता माझा ळ इथल्या कुणाहूनही स्वच्छ होता आणि मी तो घरातही सोडत नसे.

भाऊजी आतल्या खोलीत ट्रंक भरत होते. त्यांचा उजवा हात फडक्यात बांधलेला होता. स्टोव्ह भडकला, असं बाईनं मला सोमवारीच सांगितलं होतं.

“आठ रोज गावी जाऊन येतो,” ते आतून म्हणाले. मग बाईला हाक मारून म्हणाले, “कांताची माय, ट्रंकेचं टायं कोठी हाय वं?”

माझा घास हातात राहिला.

टायं. तिथं ळ नव्हता, आणि ल सुद्धा नव्हता. राजमणीला विचारायचा राहिलेला प्रश्न आता माझ्यासमोर होता: ळ नव्हता, मग काय होतं?

मी उठलो आणि खरकट्या हातानंच दारात उभा राहिलो.

“भाऊजी, सोमवारी तीन वाजता तुम्ही कुठं होता?”

त्यांनी ट्रंकेचं झाकण खाली सोडलं. माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे उभ्या बाईकडे.

“पेपरात टाकतं का?”

“हात कशानं भाजला?”

“स्टोव्ह भडकला न रे,” बाई म्हणाली.

“त्याले सांगू दे,” मी म्हणालो. माझ्या तोंडून ‘त्याला’ न येता ‘त्याले’ आलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

भाऊजी ट्रंकेवर बसले. आडदांड माणूस, पण बसल्यावर लहान दिसला. “शेठनं सांगतलं, भेव दाखव. दहा मिन्टं कोंडाचं, धूर कराचा, मंग उघडाचं. त्या बाया उठून जातीन. मी टायं लावाले सांगतलं. बोया टाकला. मले काय मालूम सूत असं पेटते! उघडाले गेलो त टायं लाल झालतं. तरी धरलं म्या. हे पाह्य.” त्यांनी दातांनी फडक्याची गाठ सोडली. तळहातावर कातडी नव्हती. मधोमध कुलपाच्या कडीचा आकार होता, काळा, जनावराला डाग द्यावा तसा. “आतून बाया दार वाजवत होत्या. मंग वाजवनं बंद झालं.”

चुलीवर दूध उतू गेलं.

“चौकीत एक माणूस मरतोय,” मी म्हणालो. “तुमच्या जागी.”

“भैया? सुटन तो. साक्ष लागत नाई त्याच्यावर. झाली शिक्षा त दोन-चार वर्सं. त्याच्या मांगं हाय कोन? माह्या मांगं हे हाय, दोन लेकरं हायत.”

“सात बाया मेल्या, भाऊजी. दोन-चार वर्षं नाही. फाशी.”

भाऊजी उठले. डाव्या हातानं त्यांनी माझी गळपट्टी धरली आणि मला भिंतीवर आपटलं. डोकं आदळल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. “तुले म्या पाठीवर वागवलं,” ते माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाले. “पाठीवर!” बाई मधे पडली तेव्हा त्यांनी सोडलं.

ती मला दारापर्यंत घेऊन आली. माझ्या डोक्यामागे हात फिरवून रक्त आहे का पाहिलं.

“मुरली, तू काई आयकलं नाई,” ती म्हणाली. “मी सांगतो तुले. तू जेवाले आला, जेवला, गेला. बस.”

मी कचेरीत गेलो. ‘संशयित आरोपीस पोलीस कोठडी, आज आवाजाची ओळख परेड’ हे शीर्षक मीच दिलं. बातमी साडेसातला टाकली, नेहमीपेक्षा अर्धा तास आधी.

गुरुवारी अकरा वाजता तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात परेड होती. ओळख परेडीचा एक नेम असतो. आरोपी एकटा उभा करत नाहीत, त्याच्या वयाची, बांध्याची आठ-दहा तिऱ्हाईत माणसं त्याच्याबरोबर उभी करतात. ती आणायची कुठून, तर आवारातून. स्टॅम्पवाला, टपरीवाला, दाखल्यासाठी आलेला, असा जो सापडेल तो. पोलिसांनी खोलीत असायचं नसतं. जगदाळे व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. खोलीत तहसीलदार, दोन पंच आणि मधोमध दोरीवर टाकलेलं घोंगडं होतं. घोंगड्यापलीकडे राजमणीची खुर्ची.

तहसीलदारांनी रांग मोजली. आठ भरली.

“नऊ पाहिजेत. ओ पत्रकार, तुम्ही काय करताय? वही ठेवा खाली अन् या. उभं राहायला काय जातंय?”

मी नाही म्हणू शकलो असतो. बातमी द्यायची आहे असं सांगितलं असतं तर चाललं असतं. मी वही पंचाच्या टेबलावर ठेवली आणि टोकाला उभा राहिलो. खडूनं लिहिलेली नऊ नंबरची पाटी माझ्या हातात आली. चार नंबरची पाटी रामधनीच्या हातात होती. त्याचा खालचा ओठ फाटून लोंबत होता आणि पाटीवर बोटांचे तांबडे ठसे उमटले होते.

“बाई,” तहसीलदार घोंगड्याकडे तोंड करून म्हणाले, “तुमच्या जबानीत लिहिलंय की ळ नव्हता. मग काय होतं?”

सोमवारी मी विचारायला हवा होता तो प्रश्न त्या माणसानं पहिल्याच वाक्यात विचारला.

“मला म्हणता येत नै, साहेब,” पलीकडून आवाज आला. “ऐकलं की सांगते.”

“ठीक. प्रत्येकानं एकच वाक्य म्हणायचं. ‘टाळं लाव, सोडू नको.’ एक नंबर.”

एक नंबर कन्नड हमाल होता. त्याची जीभ एवढी मागे वळली की ळ दगडासारखा येऊन आदळला. पलीकडून लगेच “नै” आलं. दोन नंबरचा तेलुगू शिंपी होता. त्यांच्यात कुलपाला ताळम म्हणतात, म्हणून तो ‘ताळं’ म्हणाला, पण ळ तसाच जड. “हा तर आमचाच हाय,” राजमणी म्हणाली आणि एक पंच हसला. तीन नंबरचा लाकूडवखारीतला गुजराती कारकून. त्याचा ळ हलका होता, जीभ नुसती टेकून सुटली. “नै.”

“चार नंबर.”

रामधनीनं फाटका ओठ हातानं धरला. “टाला लाव, सोडू नको.”

व्हरांड्यातल्या येरझाऱ्या थांबल्या.

“हा?” तहसीलदारांनी विचारलं.

“परत म्हणायला सांगा.”

“टाला लाव, सोडू नको.”

मग ती म्हणाली, “ळ नै ह्याच्यात. पण...”

“पण काय? नीट सांगा बाई. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“माझ्या बहिणी मेल्यात साहेब, मला म्हाईत हाय काय प्रश्न हाय ते,” ती म्हणाली. “पुढचे ऐकते.”

पाच नंबरच्या सायकलवाल्याचा ल होता. सहा नंबरचा कचेरीतला शिपाई, गावचाच. सात नंबरला मदुराईकडचा लेथवाला होता, त्याच्या भाषेत दोन-तीन प्रकारचे ळ असतात म्हणे, त्यानं त्यातला एक दिला. आठ नंबरचा कोण होता ते मला आठवत नाही. मी तोपर्यंत ऐकायचं थांबलो होतो.

“नऊ.”

“टाळं लाव, सोडू नको,” मी म्हणालो. स्वच्छ, आरशासमोरचा.

“थांबा,” राजमणी म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती घोंगड्याच्या अगदी जवळ आली असावी, कारण पुढचं बोलणं माझ्या चेहऱ्यासमोरून आलं.

“‘लाव’ त्याचा हाय. ‘सोडू नको’ त्याचा हाय. आवाज तसाच खाली पडतो शेवटी. पण टाळं त्याचं नै. ह्या माणसाची जीभ शिकलेली हाय साहेब, जन्माची नै. त्याला त्याच्या घरातलं बोलायला सांगा. चिडून.”

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना गंमत वाटत होती. “काय हो, शिकलेली जीभ? म्हणा बघू घरातलं.”

रामधनी मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. आपला नंबर होऊन गेला एवढंच त्याला कळलं होतं आणि आता परत चौकीतल्या त्या खोलीत जायचं, हे कळलं होतं. त्याची पँट ओली झाली होती. दुसऱ्यांदा ‘टाळं’ म्हटलं असतं तर काम संपलं असतं. ती ‘नै’ म्हणाली असती, मग परत चार नंबरला बोलायला लावलं असतं, मग आणखी एकदा.

मी भाऊजींचा आवाज काढला नाही. तो काढावा लागला नाही. आमच्या गावचा प्रत्येक पुरुष ओरडताना तसाच ओरडतो.

“टायं लाव! सोडू नको!”

घोंगडं दोरीसकट खाली आलं. राजमणी माझ्या अंगावर होती. भाजलेल्या हाताचं बँडेज, धड हाताची नखं, दोन्ही माझ्या गळ्यावर. “हाच! हाच!” ती किंचाळत होती. “आत आमच्या पोचव्वाचं केस जळत होतं, तू ऐकत होतास, ऐकत होतास भायेर!” बँडेज सुटलं आणि तिच्या हाताची लस माझ्या सदऱ्यावर लागली. पंच तिला ओढत होते. मग तिनं माझा चेहरा पाहिला.

तिचे हात थांबले.

“तुम्ही?” ती म्हणाली. “तुम्ही तर पाणी पाजलं मला.”

पंचनाम्यात ‘साक्षीदाराने नंबर ९ ओळखला’ असंच लिहिलं गेलं. जगदाळे आत आले ते माझं बखोट धरूनच मला बाहेर घेऊन गेले. त्यांना माहीत होतं की मी नव्हतो. सोमवारी तीन वाजता मी त्यांच्याशीच फोनवर बोलत होतो, बाजारातल्या एका चोरीबद्दल.

“तुमच्याकडचा दुसरा कोण हाय ह्या गावात?”

मी सदऱ्यावरची लस पुसत राहिलो. त्यांनी एक थोबाडीत मारली. हाताची होती, पट्ट्याची नाही.

“कोण हाय?”

मी बातमीत द्यावं तसं दिलं. नाव, वय, धंदा, पत्ता. शेवटी नातं.

“बहिणीचा नवरा?” जगदाळे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला. “आयला, ढोकणे.”

आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी ट्रंक दाराबाहेर काढत होते. जीपमधून मी आधी उतरलो आणि त्यांना सगळं कळलं. ते पळाले नाहीत. दोन शिपायांनी डाव्या हाताला बेडी घातली पण भाजलेल्या हाताला धरायला ते कचरले. तेवढ्यात त्या मोकळ्या हातानं त्यांनी माझे केस धरले आणि माझं तोंड चौकटीवर आपटलं. एकदा, मग परत, मग परत. तिसऱ्या वेळी समोरचे दोन दात उंबऱ्यावर पडले. त्यांच्या तळहाताची सोललेली कातडी माझ्या केसांना चिकटली होती. ते ओरडत होते, मला की स्वतःच्या हाताच्या वेदनेनं, ते सांगता येत नाही. शिपायांनी त्यांना दंडुक्यांनी गुडघ्यांवर मारून खाली पाडलं. कांता आणि तिचा भाऊ आतून बघत होते. बाईनं दोघांची तोंडं पदरात लपवली, पण स्वतः बघत राहिली.

भाऊजींना जन्मठेप झाली. नऊ वर्षांनी ते तुरुंगातच वारले. शेठचं नाव आरोपपत्रात आलं नाही. रामधनी त्याच शुक्रवारी सुटला. त्याचा डावा कान कायमचा गेला होता. जगदाळ्यांनी त्याला स्वतः स्टेशनवर सोडलं आणि तिकीट काढून दिलं, असं त्यांनीच मला सांगितलं. ते मी छापलं नाही. राजमणीनं कोर्टात साक्ष दिली आणि ती कधीही माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या सोमवारी बाई गावी निघाली. दारात टांगा उभा होता. ट्रंक, दोन वळकट्या आणि पोरं आधीच वर बसली होती. माझा वरचा ओठ टाके घालून शिवलेला होता, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं. खरं तर बोलण्यासारखंही काही नव्हतं. घर आता मला एकट्याला परवडणारं नव्हतं. मी कचेरीतच राहायला जाणार होतो.

बाई बाहेर आली. तिनं कुलूप माझ्या हातात ठेवलं.

“तूच लाव,” ती म्हणाली.

मी उभा राहिलो.

“सहा वर्सं माह्या हातचं खाल्लं, अन् सहा वर्सं पोयीले पोळी म्हने. माह्या मायच्या बोलीची लाज वाटे तुले. घरात, माह्यासमोर सुदिक कधी तोंडातून काढली नाई.” ती रडत नव्हती. “अन् माह्या मानसाले फाशी द्याले निंघाला त तेवढी बरी आठोली.”

ती टांग्यात चढली. कांतानं माझ्याकडे पाहून हात वर केला, बाईनं तो खाली घेतला. टांगेवाल्यानं लगाम ओढला.

टांगा पेठेच्या वळणाआड गेला. मी कडी घातली आणि टायं लावलं.